जहाज बनतं, मग इंजिन का अडतं?

१५ जानेवारी २०२५ला मुंबईच्या नौदल गोदीत एकाच दिवशी तीन नौका नौदलात दाखल झाल्या : विनाशिका ‘सुरत’, फ्रिगेट ‘निलगिरी’ आणि पाणबुडी ‘वागशीर’. तिन्ही माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या. याच देशाने हलक्या लढाऊ विमानाचा प्रकल्प १९८३ साली मंजूर केला. ते विमान पहिल्यांदा हवेत उठलं ४ जानेवारी २००१ला, आणि ‘तेजस’ची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली जुलै २०१६मध्ये. सरकार तेच, अर्थखातं तेच, अभियंतेही त्याच कॉलेजांतून शिकून निघालेले. तरी एकीकडे नौकांची रांग लागते आणि दुसरीकडे विमान तयार असूनही अमेरिकेतून येणाऱ्या इंजिनाची वाट बघत उभं राहतं. शस्त्रं कोणती घ्यावीत आणि कोणाकडून घ्यावीत, यावर आपल्याकडे हमरीतुमरी होते. ती घडवायची कशी, यावर कोणी फारसं बोलत नाही. माझ्या मते देशाच्या सुरक्षेचा अर्धा प्रश्न तिथेच आहे.

आमच्या घरात मात्र यावर वर्षानुवर्षं वाद चाललाय. मामाने उभी नोकरी युद्धनौका बांधण्यात काढली. माझी धाकटी बहीण धातुशास्त्रज्ञ. प्रचंड उष्णतेत टिकणारे मिश्रधातू हा तिचा विषय. दोघांचं बोलणं जसं झालं तसं, थोडं आवरतं घेऊन, पुढे देतो आहे.

मामा : तुमच्या विमानवाल्यांनी पहिल्याच घासाला आख्खा लाडू तोंडात घातला, दुसरं काय! आम्ही तसं केलं नाही. आताची ‘निलगिरी’ सोड, जुन्या ‘निलगिरी’पासून बघ. ती ३ जून १९७२ला नौदलात आली. आराखडे ब्रिटिशांचे, लिअँडर जातीच्या फ्रिगेटचे. आम्ही ते जसेच्या तसे बांधले. आतलं बहुतेक सामानसुद्धा तिकडचं. पण तशी सहा जहाजं बांधली, आणि दर जहाजागणिक इथली एकेक वस्तू आत शिरली. शेवटच्या दोघींत, ‘तारागिरी’ आणि ‘विंध्यगिरी’त, इतका फेरफार केला की सी किंगसारखं मोठं हेलिकॉप्टर त्यांच्यावर मावलं. मग ‘गोदावरी’, डिसेंबर १९८३. सांगाडा पूर्ण आपल्या लोकांनी आखलेला, लिअँडरपेक्षा मोठा, दोन सी किंग घेणारा, वर रशियन क्षेपणास्त्रं. पण बॉयलर आणि टर्बाइन कोणती ठेवली? लिअँडरचीच. दहा वर्षं हाताखाली चाललेली, नाडी माहीत असलेली.

भाची : म्हणजे एका वेळी एकच धोका.

मामा : एकच नाही म्हणणार मी. झेपतील तेवढेच. सांगाडा नवा आहे ना, मग यंत्रं जुनी. पुढे ‘दिल्ली’ आली १९९७ला, तिच्यात गॅस टर्बाइन. मग ‘कोलकाता’, मग ‘विशाखापट्टणम्’. ‘विशाखापट्टणम्’चा सांगाडा जवळजवळ ‘कोलकाता’चाच ठेवलाय. तुझ्या लोकांनी १९८३ साली काय मागितलं? पंख कार्बनच्या संमिश्राचे हवेत, विमान मुद्दाम अस्थिर ठेवून संगणकाने सांभाळायचंय, रडार नवं, आणि इंजिनसुद्धा आमचंच. हे सगळं एकाच विमानात, आणि तेही कुणी? ज्यांनी त्याआधीची वीस वर्षं नवं लढाऊ विमान आखलंच नव्हतं त्यांनी.

भाची : ती वीस वर्षं कुठे गेली, ते कोण सांगणार? ‘मरुत’ १७ जून १९६१ला उडालं. जर्मन विमान-आखणीकार कुर्ट टांकला बोलावून बंगळूरला आखून घेतलं होतं. ज्या ताकदवान इंजिनाच्या भरवशावर ते आखलं, ते इंजिन ब्रिटनमध्ये पुरं झालंच नाही. कमी ताकदीच्या इंजिनावर १४७ विमानं बनली. १९७१ला राजस्थानच्या आघाडीवर ती लढलीही. पण ध्वनीचा वेग ओलांडायला आखलेलं विमान आयुष्यभर त्याच्या अलीकडेच राहिलं. वैमानिक त्याची तारीफ करायचे, आणि इंजिनाबद्दल हळहळायचे. मामा, १९८३ साली ज्यांनी ‘इंजिनसुद्धा आमचंच’ म्हटलं, ते अधाशी नव्हते. त्यांना ‘मरुत’ आठवत होतं.

हा मुद्दा मामाला लागला, हे मला दिसलं. तो थोडा वेळ बोलला नाही. मग त्याने दुसरीकडून सुरुवात केली.

मामा : ‘मरुत’चा धडा मी वेगळा घेतो. ‘मरुत’नंतर त्या लोकांना पुढचं विमान मिळालं नाही. परदेशी विमानं परवान्यावर बांधायला घेतली. कारखाना चालू राहिला, पण आखणारा हात बसून राहिला. आमच्याकडे असं झालं नाही, कारण आखणारे नौदलाचेच. नौदलाने साठच्या दशकात स्वतःचं आराखडा खातं उभं केलं. त्यातला गणवेशातला अधिकारी आज कागदावर पाइपाची जागा ठरवतो, उद्या गोदीत आमच्या उरावर बसून तो पाइप लावून घेतो, आणि परवा त्याचाच बॅचमेट ते जहाज घेऊन समुद्रात जातो. चुकलं तर शिव्या घरातच खाव्या लागतात. मग तो काय मागतो, ते विचार करून मागतो.

भाची : आणि वायुदलाने?

मामा : वायुदलाने अटींची यादी दिली आणि घ्यायला आलो की तपासू म्हणाले. बांधणारे एकीकडे, घेणारे दुसरीकडे. मधे काळ गेला, शस्त्रं बदलली. जुन्या क्षेपणास्त्राऐवजी जड क्षेपणास्त्र लावायचं ठरलं, पंखाची ताकद पुन्हा वाढवावी लागली. यात वायुदलाची चूक म्हणत नाही मी. पंधरा वर्षांपूर्वीच्या यादीतलं विमान घेऊन कुणी लढाईला जाईल का? पण तोच अधिकारी पहिल्या दिवसापासून टेबलावर असता, तर ही गोष्ट आधी कळली असती.

इथे माझं एक म्हणणं मधे घालतो. गोदीतला मोल्ड लॉफ्ट पाहिलेला माणूस मामाचं हे बोलणं लगेच ओळखेल. संगणक यायच्या आधी जहाजाच्या बरगड्या एका प्रचंड लाकडी जमिनीवर खऱ्या मापात आखल्या जात. कारागीर गुडघ्यावर बसून लवचीक पट्टी खिळ्यांना वाकवून धरत आणि तिच्या कडेने रेघ ओढत. कागदावर झाकून गेलेली चूक त्या जमिनीवर उघडी पडायची, कारण तिथे एक इंच हा एक इंचच असायचा. आखणारा अधिकारी तिथे येऊन उभा राहायचा, कारागिराशी वाद घालायचा, कधी हरायचा. आता ते सगळं पडद्यावर होतं, जहाजाचे मोठमोठे तुकडे आतल्या पाइप-तारांसह आधी तयार करून मग जोडतात. पण आखणारा आणि बांधणारा एका छपराखाली वाद घालतात, ही रीत टिकली आहे. आपल्या नौकाबांधणीचं यश मला सगळ्यात जास्त त्यातच दिसतं.

भाची : मामा, हे सगळं मान्य. पण तुमच्याच नौदलातले लोक जहाजाचे तीन भाग करतात ना? फ्लोट, मूव्ह, फाइट. तरंगणं, चालणं, लढणं. तरंगायला लागतं त्यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास आपलं. चालायला लागतं त्यातलं साठच्या घरात. आणि लढायला लागतं त्यातलं जेमतेम निम्मं. ‘सुरत’ची गॅस टर्बाइन युक्रेनच्या घराण्यातली. नव्या ‘निलगिरी’ची गॅस टर्बाइन मूळ अमेरिकेची, डिझेल जर्मन. म्हणजे तुमची पायरी-पायरीची पद्धत सांगाड्यापाशी जिंकते आणि इंजिनाच्या खोलीच्या दाराशी थांबते. पन्नास वर्षांत त्या दाराच्या आत तुम्ही गेला नाहीत. जायची गरजच पडली नाही, कारण विकत मिळत होतं. आणि युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा सुटे भाग कुठून आणायचे, हा प्रश्न कोणापुढे आला?

मामा : आमच्यापुढे. खोटं कशाला बोलू?

भाची : मग मी म्हणते, दोन कामांना दोन पद्धती लागतात. जहाज म्हणजे हजारो वस्तूंची जुळणी. ती पायरीने शिकता येते. टर्बाइनचं पातं पायरीने येत नाही. ते एक तर जमतं, नाही तर नाही. तुम्हाला सांगते ते कसं बनतं. पातं हाताच्या बोटांएवढं. त्याच्यावरून जो वायू जातो त्याचं तापमान त्या धातूच्या वितळणबिंदूच्याही वर. तरी ते वितळायचं नाही, मिनिटाला हजारो फेऱ्या फिरताना लांबायचं नाही. साधा धातू थंड होताना त्याचे असंख्य कण बनतात आणि कणांच्या सीमेवर तो उष्णतेत सरकतो, तिथेच तुटतो. म्हणून आख्खं पातं एकाच स्फटिकाचं करायचं. सिरॅमिकचा साचा, खाली नागमोडी नळी. निकेलचा रस ओतायचा आणि साचा भट्टीतून इतका सावकाश खाली ओढायचा की घट्ट होण्याची रेघ तळापासून वर एकसारखी चढत जाईल. त्या नागमोडी वळणात बाकी सगळे कण अडकतात, एकच वर निघतो आणि तोच पातं होतो. त्याच्या पोटात हवा खेळवायचे बारीक मार्ग ठेवायचे, ते वेगळंच. ओढण्याचा वेग जरा चुकला की मधेच दुसरा कण उगवतो. पातं भंगारात. हे कुठला देश शिकवत नाही. विमान विकतील, इंजिन विकतील, जुळणीचा कारखानाही घालून देतील. ही भट्टी कशी चालवायची ते सांगणार नाहीत.

मामा : आणि आपलं ‘कावेरी’ इंजिन?

भाची : १९८९ला सुरू झालं. २००८ला ‘तेजस’पासून वेगळं केलं. अपेक्षित ताकद मिळाली नाही, वजन जास्त भरलं. लोक ‘कावेरी फसलं’ म्हणून मोकळे होतात. पण एकस्फटिकी पाती आज हैदराबादच्या धातू प्रयोगशाळेत बनतात. २०२१ला त्यांनी हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी साठ पात्यांचा संच हिंदुस्तान एरोनॉटिक्सला दिला. ते ज्ञान आकाशातून पडलं नाही. ‘तेजस’च्या संगणकी नियंत्रणाचंही तसंच. आपले अभियंते अमेरिकेत लॉकहीड मार्टिनबरोबर त्यावर काम करत होते. मे १९९८च्या पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले, त्यांना परत पाठवलं, तिथलं सामान तिथेच राहिलं. मग तो सगळा प्रोग्रॅम बंगळूरला बसून पुरा केला. त्यानंतर विकासाच्या हजारो चाचणी उड्डाणांत एकही विमान पडलं नाही. आख्खा लाडू म्हणता ना तुम्ही? तो घास घेतला नसता, तर निर्बंध आले त्या दिवशी आपल्या हातात काय असतं?

मी विचारलं, पुण्याच्या पाषाणमध्ये आखलेल्या ‘पिनाक’ रॉकेटचं काय? त्याला कोणती पद्धत म्हणायची? त्यावर दोघांनी आपापला हक्क सांगितला. मामा म्हणाला, १९८६ला काम हाती घेतलं, कारगिलमध्ये अजून पूर्ण न पिकलेलं ते सैन्याने वापरून बघितलं, मग चाळीसेक किलोमीटरपासून दिशादर्शित रॉकेटच्या पंचाहत्तर किलोमीटरपर्यंत टप्प्याटप्प्याने गेलं. ही माझीच पद्धत. बहीण म्हणाली, त्या रॉकेटचं इंधन ज्या प्रयोगशाळेत बनतं तिथे आधीची कित्येक वर्षं लोक रसायनं घोटत बसले होते, म्हणून पल्ला वाढवता आला. मला दोघांचंही पटलं. ड्रोनवर मात्र दोघे एका मिनिटात मोकळे झाले. युक्रेनच्या आघाडीवर शत्रूचं जॅमिंग आठवड्या-आठवड्याला बदलतं, ड्रोनही तितक्याच वेगाने बदलावा लागतो. तिथे तीन वर्षं चालणारी आपली निविदा-पद्धत निरुपयोगी आहे, यावर त्यांचं एकमत.

मामा : तुझ्या बाजूचं एक उदाहरण मीच देतो. पाणबुडी. १९८१ला जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी करार झाला. दोन पाणबुड्या तिकडे बांधल्या, दोन माझगावला : ‘शल्की’ १९९२, ‘शंकुल’ १९९४. पाणबुडीच्या दाब-कवचाचं वेल्डिंग म्हणजे काय ते बघायला हवं होतंस. जाड पोलाद आधी तापवून घ्यायचं, वेल्डिंगच्या कांड्या भट्टीत वाळवून गरम डब्यातून काढायच्या, कारण जरा ओल राहिली तर हायड्रोजन आत शिरतो आणि दोन दिवसांनी, कुणी हात न लावता, सांधा आतून तडकतो. मग प्रत्येक सांध्याचा एक्स-रे. डाग दिसला की खरवडून पुन्हा. अशी माणसं तयार केली आम्ही. मग लाचखोरीच्या आरोपांचा गदारोळ झाला, पुढच्या दोन पाणबुड्यांचा विचार बारगळला. कुणी लाच खाल्ली असेल तर त्याला पकडा ना! पण शिक्षा झाली वेल्डरला. काम नाही. कुणी निवृत्त झालं, कुणी आखातात गेलं. पुढचा करार २००५ला, फ्रेंचांशी, आणि ‘कलवरी’ नौदलात आली डिसेंबर २०१७ला. ‘शंकुल’नंतर तेवीस वर्षांनी. विकत घेतलेलं शिक्षण पुन्हा एकदा विकत घेतलं.

भाची : हे माझ्या बाजूचं कसं?

मामा : कारण खंड पडला की आमची पद्धतही मरते. पायरी-पायरी म्हणतो मी, पण पुढची पायरी कुणीतरी मागावी लागते. सांगाड्याला मागणी सतत राहिली. पाणबुडीला तुटली. आणि तुझ्या इंजिनाला... तुझ्या इंजिनाला मागणी होती कधी?

माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली या प्रश्नात आहे, म्हणून इथे स्पष्ट बोलतो. ‘कावेरी’ला पैसा कमी पडला हे खरं, ध्येय मोठं ठेवलं हेही खरं. पण गणवेशातल्या एकाही माणसाची बढती त्या इंजिनावर अवलंबून नव्हती. ‘तेजस’ला अमेरिकन इंजिन लागलं आणि उडालं, त्या दिवसापासून ‘कावेरी’ कुणाचंच राहिलं नाही, फक्त ते बनवणाऱ्यांचं राहिलं. नौदलाच्या पोलादाची गोष्ट याच्या नेमकी उलटी आहे. विमानवाहू ‘विक्रांत’साठी रशियाकडून पोलाद येणार होतं, ते वेळेवर मिळेना. हैदराबादच्याच धातू प्रयोगशाळेने पोलाद प्राधिकरणाबरोबर आपलं पोलाद तयार केलं, जोडायच्या कांड्याही नव्याने केल्या, आणि नौदलाने ते नुसतं तपासून बाजूला ठेवलं नाही, सुमारे तीस हजार टन घेतलं. आज पुढच्या युद्धनौकाही त्याच घराण्यातल्या पोलादाच्या होतात. प्रयोगशाळा तीच, शास्त्रज्ञही त्याच तोलाचे. फरक एवढाच की पोलाद नौदलाला हवं होतं आणि त्यावाचून त्यांचं जहाज अडलं होतं.

भाची : पोलाद आणि इंजिन एक नव्हे. पण हो, मागणारा नव्हता, हे खरं.

मामा : मग आता माग. ‘कावेरी’ जसं आहे तसं, कमी ताकदीचं, एका जुन्या ‘तेजस’मध्ये घाला. उडवा. आमची पहिली ‘निलगिरी’ काय परिपूर्ण होती? अपुरं जहाज घेतलं, त्यातूनच पुढचं निघालं.

भाची : मामा, जहाजाचं इंजिन बंद पडलं तर जहाज तरंगत राहतं. तुम्ही नांगर टाकता, चहा मागवता, दुरुस्ती करता. एका इंजिनाच्या विमानाचं इंजिन बंद पडलं तर वैमानिकाच्या हातात काही सेकंद असतात. अपुरी वस्तू स्वीकारायची तुमची मुभा समुद्राने दिलेली आहे. हवा ती देत नाही. म्हणून इंजिनवाले एवढं जपून चालतात, आणि तुम्हाला वाटतं ते घाबरतात.

मामा : मग जगातले बाकीचे काय करतात? त्यांचं पहिलं इंजिनही अपुरंच असणार ना?

भाची : चार इंजिनांचं मोठं विमान घेतात. एक इंजिन काढतात, त्या जागी नवं लावतात. ते बंद पडलं तरी बाकीच्या तिघांवर विमान घरी येतं. ‘कावेरी’ची तशी चाचणी २०१०ला झाली, पण रशियात, त्यांच्या आयएल-७६ विमानावर. उंचावरची विरळ, गोठलेली हवा जमिनीवर तयार करून इंजिन चालवायची सोय लागते, त्यासाठीही तिकडेच जावं लागलं. दर वेळी इंजिन खोक्यात भरायचं, पाठवायचं, त्यांची तारीख मिळेपर्यंत थांबायचं, बिघाड सापडला की परत आणायचं. ज्या देशात इंजिनाला उडायला स्वतःचं विमान नाही, त्या देशात तुमची पायरी-पायरी कशी चालवायची? एकेका पायरीला वर्ष जातं.

मामा : म्हणजे तू माझीच पद्धत मागतेयस.

भाची : मागतेय. पण तिच्याखाली जमीन घालून द्या म्हणतेय. तुमच्या लॉफ्टला जमीन होती.

मामा : बरं. मग ते चार इंजिनांचं विमान आधी घ्या, इंजिनाच्या आधी. फ्रेंचांबरोबर नव्या विमानासाठी नवं इंजिन करायची बोलणी चालली आहेत म्हणतात. त्या करारावर सही व्हायच्या आत घ्या, नाही तर त्या इंजिनाच्या चाचण्यांनाही तिकडेच जाल. आणि ते प्रयोगशाळेच्या नावावर ठेवू नका. वायुदलाच्या नावावर ठेवा, त्यांचा तळ, त्यांचा वैमानिक, त्यांचाच इंजिनिअर अधिकारी. त्याची बदली दोन वर्षांनी करायची नाही.

भाची : दहा वर्षं?

मामा : इंजिन उडेपर्यंत.

भाची : तसा अधिकारी मिळाला, तर मी उद्या त्याच्या हाताखाली काम करायला तयार आहे.